जास्तीच्या उन्हाचा सांडवा
किराणा दुकानाच्या गल्ल्यावर पडून असणारा, माथ्यावर काळसर पट्टी मिरवणारा कॅल्क्युलेटर ट्यूबलाइटच्या उजेडात जितक्या निमूटपणे बेरजा करतो, तितक्याच निमूटपणे तो वैशाखातल्या भर दुपारी ओट्यावर नेला तरी करतो, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागील तजवीज सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः घरातील उजेड काहीशे लक्स, तर मध्यान्हीचे ऊन सुमारे १,००,००० लक्स. आणि सौरघटाचा प्रवाह प्रकाशाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे उंबरठा ओलांडताच तो शेकडो पटींनी वाढू शकतो. आतील चिपला मात्र हवा असतो सुमारे दीड व्होल्टचा दाब आणि काही मायक्रोअँपिअरचा प्रवाह. दाब बेसुमार चढला, तर पडद्यावरचे न मागितलेले आकडेही काळवंडून दिसू लागतात.

यावर अनेक स्वस्त कॅल्क्युलेटरांत केलेला बंदोबस्त म्हणजे सौरपट्टीला समांतर जोडलेला एक लाल एलईडी. दीड व्होल्टच्या आसपास पोहोचेपर्यंत तो प्रवाहाला जवळजवळ वाटच देत नाही. पुढे मात्र ती अशी मोकळी होते की प्रवाह दहापट झाला तरी दाब व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे चढत नाही. धरणाच्या सांडव्याप्रमाणे जास्तीचे तेवढे तो वाहून जाऊ देतो. कवच उघडून पट्टी उन्हात धरली, तर हा एरवी अंधारात कोंडलेला दिवा मंद लाल उजळलेला दिसतो. नको असलेले ऊन ते हेच. या कामी प्रसिद्ध असलेला झेनर डायोड, ज्याच्यामागील भौतिकी क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ साली मांडली, तो इतक्या कमी दाबावर काटेकोर राहत नाही. म्हणून येथे एलईडीची वर्णी लागते.

घरगुती सौरदिव्यांच्या संचात मात्र हा शिरस्ता चालत नाही. छत्तीस घटांचा पट बिनभाराने सुमारे २१ व्होल्ट दाखवतो, आणि बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीला १४.४ व्होल्टच्या पुढे रेटत राहणे म्हणजे तिच्यातील पाणी आटवणे होय. तेथे सारे जास्तीचे एखाद्या चिमुकल्या डायोडमधून सांडू पाहिले, तर तो डायोडच जळेल. म्हणून बॅटरी भरत आली की नियंत्रक पटाची जोडणीच वारंवार तोडतो, आणि रात्री बॅटरीतील वीज उलट पटाकडे वाहू नये यासाठी वाटेत निराळा डायोड पहाऱ्यास असतो. कोणती योजना पत्करावी, याचा निवाडा अखेर जास्तीच्या ऊर्जेच्या प्रमाणावरच होतो: मिलिवॉटांच्या हिशेबात जी उधळपट्टी हीच काटकसर ठरते, ती वॉटांच्या हिशेबात परवडत नाही.