कर्क राशींतील तप्त महापृथ्वी

माघ-फाल्गुनांत रात्रीच्या वेळीं पुष्य नक्षत्र डोक्यावर येतें. त्याच्या उत्तरेस, कर्क राशीच्याच हद्दींत, एक अत्यंत मंद तारा आहे. शहराच्या दिव्यांत तो दिसणार नाहीं. परंतु गांवाबाहेर, चंद्र नसलेल्या रात्रीं, तीक्ष्ण दृष्टीच्या माणसास तो जेमतेम दिसूं शकेल. ज्योतिर्विदांच्या यादींत त्याचें नांव '५५ कर्क' असें आहे. तो आपल्या सूर्याचाच भाऊबंद; आकारानें किंचित लहान आणि तेजानें कांहींसा कमी. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोंचावयास सुमारे ४१ वर्षें लागतात. या ताऱ्याभोंवतीं पांच ग्रह फिरतात असें आजवर आढळून आलें आहे. त्यांपैकीं अगदीं आंतल्या ग्रहाविषयीं आज बोलावयाचें आहे.

हा ग्रह पृथ्वीच्या सुमारे ८ पट जड असून त्याचा व्यास पृथ्वीच्या जवळजवळ १.९ पट आहे. पृथ्वीहून मोठ्या पण नेपच्यूनहून लहान अशा ग्रहांना 'महापृथ्वी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आपल्या सूर्यमालेंत या मापाचा एकहि ग्रह नाहीं. 'महा' या उपपदानें मात्र कोणीं फसूं नये. तें केवळ आकारमान सांगतें, तेथील सुखसोयी नव्हे.

आतां कोणीहि विचारील कीं, जो ग्रह डोळ्यांना दिसत नाहीं त्याचें वजन कोणत्या तराजूंत केलें? बाप लेकराचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवतो, तेव्हां बापहि थोडा मागें झुकतो आणि त्याचे पाय जमिनीवर एक लहानसें वर्तुळ काढतात. अंधारांत लेकरूं दिसलें नाहीं, तरी बापाच्या चालीवरून त्याचें वजन अजमावतां येईल. ग्रह फिरतांना तारा असाच किंचित डोलतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी तीव्र आणि दूर जाणारीची कोमल ऐकूं येते. त्याचप्रमाणें तारा आपल्याकडे येतांना त्याच्या प्रकाशाच्या रेषा निळ्या बाजूस आणि दूर जातांना तांबड्या बाजूस सरकतात. हें सरकणें मोजलें कीं डोलणें कळतें आणि त्यावरून ग्रह कळतो.

या रीतीनें सन २००४ मध्यें हा ग्रह सांपडला आणि त्याची एक फेरी सुमारे २.८ दिवसांची ठरली. पण हिशेबांत एक खोंच राहिली होती. समजा, एक मनुष्य देवळाला प्रदक्षिणा घालीत आहे आणि आपण सारा वेळ डोळे मिटून मधूनमधून तेवढे उघडतों. मध्यंतरीं त्यानें एक प्रदक्षिणा अधिक घातली, तरी आपल्याला तिचा पत्ता लागणार नाहीं. ताऱ्यांचें निरीक्षण रात्रींच होतें. दिवसभर डोळे मिटलेले! त्यामुळें दर दिवसागणिक ग्रहाची एक पुरी फेरी गणतींतून निसटत होती. सन २०१० मध्यें रिबेका डॉसन व डॅनियल फॅब्रिकी यांनीं जुन्याच नोंदी पुन्हां तपासून दाखविलें कीं, खरी फेरी १८ तासांहूनहि कमी वेळाची आहे.

या दुरुस्तीचें फळ लागलीच मिळालें. ग्रह ताऱ्याच्या इतका निकट असेल, तर तो आपल्या दृष्टिरेषेंत ताऱ्यासमोरून जाण्याचा संभव बराच वाढतो. सन २०११ मध्यें कॅनडाच्या 'मोस्ट' या उपग्रहावरून आणि अमेरिकेच्या 'स्पिट्झर' या अवकाशांतील दुर्बिणींतून पाहतां, नव्या हिशेबाप्रमाणें ताऱ्याचें तेज खरोखरच ठराविक वेळीं उतरत होतें. उतार तो केवढा? लाखांत सुमारे ३५ भाग! त्या उतारावरून ग्रहाचा व्यास निघाला.

तेथील वर्ष सुमारे १७ तास ४० मिनिटांचें आहे. आपलें एक वर्ष उलटतें तों तेथें जवळजवळ ४९६ वर्षें होतात. ताऱ्यापासून ग्रहाचें अंतर अवघें २३ लाख किलोमीटर. आपला बुध सूर्यापासून याच्या २५ पट लांब आहे. तेथून तो तारा आपल्या सूर्यबिंबाच्या सुमारे ६० पट रुंद दिसेल. चंद्र जसा एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, तसाच हा ग्रहहि बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे ठेवून फिरतो. त्या बाजूस खडकाचा रस होऊन त्याचे समुद्र पसरले असावेत.

सन २०१२ मध्यें या ग्रहाच्या पोटांत हिरे असावेत अशी कल्पना निघाली आणि ती वृत्तपत्रांत फार गाजली. पुढें त्या ताऱ्यांतील कार्बनाचें प्रमाण नव्यानें मोजल्यावर तिचा आधार बराच ढिला झाला. खरा कुतूहलाचा प्रश्न हवेचा आहे. एवढ्या प्रखर तेजापुढें ग्रहाभोंवतीं हवा टिकेल काय? येथें शास्त्रज्ञांनीं तेलवाल्याची युक्ति योजिली. तो रिकाम्या भांड्याचा धडा करून मग तेल जोखतो. ग्रह ताऱ्याच्या आड गेला म्हणजे फक्त ताऱ्याचा प्रकाश मिळतो. तो एकूण प्रकाशांतून वजा केला कीं उरेल तो ग्रहाचा. जेम्स वेब दुर्बिणीनें घेतलेलें हें माप सन २०२४ मध्यें प्रसिद्ध झालें. उघडा काळा खडक असता तर दिवसाच्या बाजूचें उष्णमान सुमारे २,२०० अंश सेंटिग्रेड भरावयास हवें होतें. तें निघालें सुमारे १,५४० अंश. लोखंड वितळावयास तेवढें पुरे आहे, तरीपण अपेक्षेहून हें पुष्कळ कमी. म्हणजे कांहींतरी ती उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेत असावें. आणि तें काम हवेचें. प्रकाशाच्या पृथक्करणांतहि कार्बनच्या वायूंच्या खुणा दिसल्या. मात्र त्याच सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापांत ग्रहाचें तेज एका फेरींत एक, तर दुसरींत निराळें आढळलें. त्यामुळें हा निकाल अद्याप पक्का मानतां येत नाहीं.

ही हवा खरी असेल, तर ती खालच्या वितळलेल्या खडकांतूनच निघत असली पाहिजे. वरून उडून जाते तेवढी खालून भरून येते. आपली पृथ्वीहि आरंभीं अशीच रसरूप होती, आणि तिच्या पोटांतून निघालेल्या वायूंनीं तिचें पहिलें वातावरण बनलें. त्या काळाचा साक्षी येथील एकहि खडक उरलेला नाहीं. म्हणूनच, जेथें कोणी कधीं पाय ठेवणार नाहीं अशा त्या भट्टीकडे ज्योतिर्विद इतक्या आस्थेनें पाहत आहेत: आपल्या श्वासांतील हवेचा पूर्वेतिहास तेथें अजून चालू असण्याचा संभव आहे.