मालडब्यावरचा गंज: छोट्या रेल्वेतले रंगकाम

मालडब्यावरचा गंज एकाच रंगाचा नसतो. पाणी आणि हवेतला प्राणवायू लोखंडाला भिडले की प्रथम नारिंगी थर धरतो, पुढे तो तांबूस तपकिरी होतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला तर काळपट पडतो. एकाच डब्यावर या तिन्ही छटा शेजारी-शेजारी दिसतात. हौशी मंडळी छोट्या डब्यावर सरसकट नारिंगी रंग फासतात, तेव्हा तो गंज खोटा वाटतो.

मनमाड–सिकंदराबाद मार्गाला अकोल्याचा फाटा जिथे फुटतो, त्या पूर्णा जंक्शनच्या फलाटावरून मालगाडी निरखली तर बरेच काही समजते. कोळशाच्या उघड्या ‘बॉक्सएन’ डब्याच्या आतला रंग घासून गेलेला असतो, त्यामुळे आतून तो सगळाच गंजतो. बाहेरून मात्र गंज उभ्या पट्ट्यांच्या तळाशी, दारांच्या बिजागऱ्यांपाशी आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर धरतो, कारण पाणी तिथेच अडते. जुन्या, रिव्हेटने जोडलेल्या डब्यांत प्रत्येक रिव्हेटखाली ओघळ उतरे. ‘बॉक्सएनएचएल’ची गोष्ट वेगळी. त्याचे अंग स्टेनलेस स्टीलचे असल्याने त्याला धुळीचा आणि कोळशाचा मळ शोभतो, गंजाचे ओघळ नव्हेत.

छोट्या रेल्वेचे सर्वांत प्रचलित प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय महाराष्ट्रात या छंदाचे ठळक ठिकाण आहे. या प्रमाणात १०.७ मीटरचा बॉक्सएन सव्वाबारा सेंटिमीटरचा होतो आणि वीतभर लांबीचा ओघळ जेमतेम अडीच मिलिमीटरचा. म्हणून सर्वांत बारीक कुंचला लागतो, आणि हात आखडता ठेवावा लागतो.

कामाची सुरुवात मॅट वॉर्निशने होते. त्याने प्लॅस्टिकची चकाकी मरते. मग मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून, खूप पातळ करून डब्यावर फिरवला की उन्हाने विटलेपण येते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उभ्या राहणाऱ्या डब्याला ही पायरी चुकवून चालत नाही.

रंगाचे पोपडे दाखवायचे तर फाडलेल्या स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून कडांवर हलकेच टेकवतात. मोठे पोपडे हवे असतील तर आधी गंजाचा रंग, तो वाळल्यावर हेअरस्प्रे आणि त्यावर डब्याचा ॲक्रिलिक रंग देतात. वरचा रंग हाताला कोरडा लागला की कोमट पाण्यात भिजवलेल्या ताठ कुंचल्याने तो जागोजाग उचलतात. पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो आणि खालचा गंज उघडा पडतो.

ओघळांना तैलरंगासारखे दुसरे साधन नाही. सांध्याखाली बर्न्ट सायनाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा आणि टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेला चपटा कुंचला वरून खाली, एकाच दिशेने ओढायचा. ठिपक्याच्या मध्यभागी बर्न्ट अंबरचा कण टाकला की जुना, काळपट गाभा तयार होतो. तैलरंग सावकाश वाळत असल्याने ओघळ लांबला तर पुसून घेता येतो.

शेवटी कोरडी पूड. वस्त्रगाळ केलेला गेरू इथे उत्तम चालतो. त्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. तो मऊ कुंचल्याने कोपऱ्यांत बसवतात. चाकांच्या चौकटीवर मात्र रुळाकाठची करडी-तपकिरी धूळ दाखवतात. चाकाची बाहेरची बाजू गंजकट रंगवली तरी रुळावर फिरणारी धाव स्वच्छच ठेवावी लागते, नाहीतर तो रंग रुळांवर उतरून इंजिनाला वीज मिळण्यात अडथळा येतो. दुरुस्तीची तारीख नुकतीच रंगवलेल्या डब्यावर त्या तारखेचा चौकोनही ताजा राहू द्यावा. बाकी डबा कितीही गंजलेला असला तरी. पूड हाताला लागू नये म्हणून मॅट वॉर्निशचा अगदी हलका फवारा लांबून मारतात. जाड फवाऱ्याने पूड भिजून तिचा रंग गडद होतो.