डाग बाळाच्या अंगावर, आळ आईवर का?

बाळाच्या अंगावर जन्मतः डाग दिसला, की आपल्याकडे पहिला प्रश्न डॉक्टरांना नाही, बाळंतिणीला विचारला जातो : “गिऱ्हाणात काय चिरलं होतंस?” जिंतूर तालुक्यातल्या गावांत फिरताना हा प्रश्न मी अजूनही ऐकते. मूल उशिरा चालले, उशिरा बोलले, तरी बोट आईकडेच. म्हणून माता-भगिनींनो, आणि भावांनो तुम्हीसुद्धा, शरीर घडते कसे ते एकदा नीट समजून घेऊ.

आपण सगळे एका पेशीपासून सुरू होतो. त्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. 23 आईकडून, 23 वडिलांकडून. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दर वेळी सगळ्या गुणसूत्रांची नक्कल काढली जाते. इतक्या वेळा नक्कल काढताना कधी तरी चूक होते. एखाद्या पेशीत एक गुणसूत्र जास्त जाते किंवा कमी पडते, किंवा एखादे जनुक बदलते. मग त्या पेशीपासून पुढे वाढणाऱ्या पेशी बदललेल्या आणि बाकीच्या पहिल्यासारख्याच. एकाच शरीरात दोन प्रकारच्या पेशी. शाळेतली मोझेक फरशी आठवा. तिच्यावरूनच याला ‘मोझेइसिझम’ म्हणतात. चूक लवकर झाली तर शरीराचा मोठा भाग बदलतो, उशिरा झाली तर लहानसा.

काही बाळांच्या कातडीवर नागमोडी रेघा किंवा पट्टे असतात, ते अशा बदललेल्या पेशींचे असू शकतात. जर्मन डॉक्टर ब्लाश्को यांनी 1901 मध्ये या रेघांचे नकाशे काढले. निरनिराळ्या रुग्णांमध्ये त्या ठराविक मार्गानेच जातात, कारण गर्भात कातडीच्या पेशी त्या वाटेने पसरतात. विळी, सुरी, ग्रहण यांचा त्यात काही संबंध नाही. अर्थात प्रत्येक डाग मोझेइसिझमचा नसतो. कोड वेगळे, कुष्ठरोग वेगळा. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

डाऊन सिंड्रोममध्ये 21 क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. अशा शंभर मुलांपैकी एक-दोघांत ते फक्त काही पेशींमध्येच जास्त असते. मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र काही पेशींत नसले, तर उंची खुंटते, पाळी वेळेवर येत नाही. हा टर्नर सिंड्रोमचा मोझेक प्रकार. अशा मुलीला पुढे ‘वांझ’ म्हणून हिणवले जाते. खरे तर तिला वेळेवर तपासणी हवी असते.

आणि एक गंमत सांगते. आपण सगळ्या बायका एका अर्थाने मोझेकच आहोत! बाईच्या पेशीत दोन एक्स असतात; प्रत्येक पेशी त्यातला एक झोपवून ठेवते, कुठे आईकडचा, कुठे वडिलांकडचा. मेरी लायन या शास्त्रज्ञ बाईंनी हे 1961 मध्ये मांडले. तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्याचे कारण हेच.

याहून वेगळा प्रकार म्हणजे ‘कायमेरिझम’. मोझेकमध्ये सुरुवात एकाच बीजाची असते; इथे दोन वेगळ्या जिवांच्या पेशी एका शरीरात असतात. दोन साड्यांची मिळून एक वाकळ शिवावी तसे. कधी जुळ्यांचे दोन गर्भ अगदी सुरुवातीलाच एकमेकांत मिसळतात आणि एकच बाळ जन्मते. कधी जुळ्यांचे रक्त वारेतून एकमेकांत जाते. 1953 मध्ये इंग्लंडमधल्या एका रक्तदात्या बाईच्या रक्तात ‘ओ’ आणि ‘ए’ असे दोन गट सापडले. चौकशी केली तेव्हा कळले, तिचा जुळा भाऊ तीन महिन्यांचा असताना वारला होता. बाळाच्या पेशी आईतही राहतात. बाळंतपणानंतर 27 वर्षांनी आईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्याचे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवले.

उपचारातूनही कायमेरिझम घडवला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकाने रक्ताच्या कर्करोगाने आजारी नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. भारतातले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. अशा उपचारानंतर रुग्णाच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो आणि केसांच्या मुळांशी स्वतःचा. भावाने बहिणीला मज्जा दिली, तर तिच्या रक्तपेशी पुरुषाच्या दिसतात. म्हणून ती पुरुष होत नाही.

हे माहीत नसले तर काय होते? अमेरिकेत लिडिया फेअरचाइल्ड या बाईने 2002 मध्ये सरकारी मदतीसाठी अर्ज केला. डीएनए तपासणीत वडील जुळले, आई जुळली नाही! तिच्यावर फसवणुकीचा संशय आला, मुले हिरावली जाण्याची वेळ आली. तिसऱ्या बाळंतपणाला न्यायालयाने साक्षीदार उभा केला, तरीही अहवाल तोच. शेवटी गर्भाशयाच्या मुखातल्या पेशी तपासल्या आणि त्या जुळल्या. ती स्वतः दोन गर्भांची मिळून झालेली होती. गरीब बाईच्या शब्दापेक्षा कागद मोठा ठरतो, हे आपल्याला नवीन नाही. अशी प्रकरणे अत्यंत दुर्मिळ आहेत, म्हणून प्रत्येक अहवालावर शंका घेऊ नका. पण एकाच अहवालावर कोणाला खोटेही ठरवू नका.

आता आपण काय करायचे?

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा मूल लपवू नका. ही तपासणी मोफत असते. मान न धरणे, उशिरा बसणे-बोलणे, अंगावर पट्टे आणि सोबत झटके, अशी लक्षणे लगेच दाखवा. पंधरा वर्षांची होऊनही मुलीला पाळी आली नाही, तर देवऋषी नको, दवाखाना गाठा. गुणसूत्रांची तपासणी रक्तावरून होते. मोझेकमध्ये रक्त सामान्य आणि कातडी वेगळी असे होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी दुसरा नमुना मागितला तर घाबरू नका. मोझेइसिझम बहुधा पुढच्या बाळात येत नाही, तरी पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला घ्यावा.

रविवारी विहारात महिला जमतात, तिथे हे वाचून दाखवा. सासवांना आवर्जून बसवा. गर्भातल्या पेशीची चूक कुणाच्या हातात नसते. त्या चुकीसाठी सुनेला बोल लावायचा की मुलाला दवाखान्यात न्यायचे, हे मात्र आपल्या हातात असते.