डोळ्यांनी घास गिळणारा प्राणी

पावसाने जोर धरला की एरवी मळकट हिरवा दिसणारा इंडियन बुलफ्रॉग या बेडकाचा नर पिवळाधमक होतो. घशाच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या टरारून फुगतात. तोंड, नाकपुड्या बंद ठेवून फुप्फुसांतली हवा तो या पिशव्यांत ढकलतो. तेच त्याचं डराव डराव! मादी मात्र आहे त्याच रंगात.

खरी गंमत जेवताना. बेडकाची जीभ जबड्याच्या पुढच्या टोकाला जोडलेली असते, म्हणून ती झपकन बाहेर फेकता येते. किडा चिकटून आत आला की बेडूक डोळे मिटतो. डोळ्यांचे गोळे आत दबून घास घशाकडे रेटतात.

आणि पाणी? ते तो पितच नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषतो. बरगड्या नाहीत, त्यामुळे छाती फुगवून श्वास घेणंही नाही. घशाचा तळ भात्यासारखा खालीवर करूनच हवा आत लोटायची.