निकालाच्या दिवशी संगणकांची पंगत

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागणार म्हटले की, मालगुंडच्या घराघरांत मंडळी मोबाइल हातात घेऊन बसतात. एक वाजतो, बैठक क्रमांक टाकला जातो, आणि पडद्यावरचे चक्र नुसतेच फिरत राहते! १६ जुलै २०२१ रोजी तर निकालाची संकेतस्थळे कित्येक तास बंद पडली होती. असे का होते?

थोडे गणित करू. महाराष्ट्रात सुमारे १५ लाख विद्यार्थी दहावीला बसतात. समजा, या सर्वांनी पहिल्या १० मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, एकेकदाच निकाल मागितला. दर सेकंदाला २,५०० मागण्या झाल्या. माहिती पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. एक सर्व्हर सेकंदाला ५०० मागण्या पुरवतो असे धरले, तर दर सेकंदाला २,००० मागण्या तुंबत जातील. त्यात आपण अधीर होऊन पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि गर्दी आणखी वाढवतो.

यावरचा उपाय लग्नाच्या पंगतीत दिसतो. दोनशे पानांना एक वाढपी पुरत नाही. अनेक वाढपी लागतात, आणि कोणी कोणत्या ओळीत जावे हे सांगणारा एक जाणता माणूसही लागतो. संगणकांच्या पंगतीतल्या या जाणत्याचे नाव 'लोड बॅलन्सर', म्हणजे भार वाटणारा. प्रत्येक मागणी प्रथम त्याच्याकडे येते. तो ती पाळीपाळीने, किंवा ज्याच्याकडे काम कमी असेल त्या सर्व्हरकडे पाठवतो. शिवाय ठरावीक वेळाने तो प्रत्येक सर्व्हरची चौकशी करतो. उत्तर न देणाऱ्याला वगळतो.

आपल्या हिशेबाने पाच सर्व्हर पुरतील. पण एक बंद पडला तर? म्हणून एकदोन जादा हवेतच. लोड बॅलन्सरलाही जोडीदार हवा, नाहीतर तो थांबताच सारी पंगत उपाशी!

आणखी एक मेख आहे. वाढपी दहा, पण भाताचे पातेले एकच असेल, तर सारे त्याच्याभोवतीच खोळंबतील. सर्व सर्व्हर गुणांच्या एकाच साठ्यावर अवलंबून असतील तर तसेच होते. सुदैवाने जाहीर झालेला निकाल घडोघडी बदलत नाही. त्यामुळे त्याच्या प्रती आधीच अनेक ठिकाणी ठेवता येतात.

आता तुम्हीच सांगा: प्रत्येकाने त्याच १० मिनिटांत तीनदा बटण दाबले, तर किती सर्व्हर लागतील? उत्तर काढा, म्हणजे निकालाच्या दिवशी थोडे थांबण्याचे मोल कळेल.