आजोबांच्या रायफलवरची दुर्बीण : दुरुस्त करायची की तशीच ठेवायची?

ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, देवास, धार या भागांतल्या आपल्या जुन्या मराठी घरांत शिकारीची रायफल असणे एके काळी फारसे नवलाचे नव्हते. कोणी शिंद्यांच्या फौजेत होते, कोणी जंगल खात्यात, कोणाची जहागीर होती. शिवपुरी तर संस्थानाची उन्हाळी राजधानी आणि शिकारीचे रान, दोन्ही होते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते पर्व संपले. रायफल मात्र घरात राहिली. तिची आठवण सरकारच करून देते : परवान्याचे नूतनीकरण, निवडणूक आली की ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करणे. तिच्यावरची दुर्बीण मात्र बहुधा वेगळी काढलेली असते आणि कपाटात, चामडी डब्यात, कोणाच्या लक्षात नसलेली पडून राहते.

मग कधी तरी घरातल्या कोणाला ती सापडते. डोळ्याला लावली तर धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. हौसेने ती चष्म्याच्या किंवा घड्याळाच्या दुकानात जाते, तिथे पकडीने फिरवून उघडली जाते, ब्रासोने चकाकवली जाते. परत येते तेव्हा बाहेरून नवीकोरी दिसते आणि आतून कायमची गेलेली असते. जुन्या दुर्बिणींचे जेवढे नुकसान काळाने केले असेल, तेवढेच अशा दुरुस्त्यांनी केले आहे, असे माझे मत आहे. म्हणून ती कोणाच्या हातात देण्याआधी आत काय असते आणि त्यातले काय बिघडते, हे आपल्याला थोडे तरी माहीत असावे.

आधी दुर्बिणीची ओळख पटवा. नळीवर बारीक अक्षरे कोरलेली असतात, ती मऊ कापडाने पुसून भिंगातून वाचा. जर्मन बनावटीत येनाचे झाईस आणि वेट्झलारचे हेन्सोल्ट ही नावे सापडतात, ऑस्ट्रियन असेल तर व्हिएन्नाचे काहलेस. झाईसच्या दुर्बिणीवर ‘झीलफिअर’ किंवा ‘झीलझेक्स’ असे असेल तर त्यातला फिअर म्हणजे चार, झेक्स म्हणजे सहा; दुर्बीण तितक्या पटीने मोठे दाखवते. अमेरिकन दुर्बिणींत वीव्हर हे नाव पुष्कळ आढळते. ही कंपनी १९३० साली सुरू झाली, पुढे टेक्सासमधल्या एल पासोला गेली, आणि तिची ‘के’ मालिका १९४७ ची. के-४ म्हणजे चौपट. नळीची जाडीही मोजून ठेवा. अमेरिकन नळी बहुधा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर भरते, युरोपातल्या जुन्या नळ्या २६ किंवा २६.५ मिलिमीटरच्या. हा फरक केसाएवढा वाटतो, पण इंचाच्या कड्यांत २६.५ ची नळी दाबून बसवली की नळी चेपते, आणि चेपलेल्या नळीतली भिंगे काढता येत नाहीत.

आता तपासणी. दुर्बीण बंदुकीवरून उतरवलेली असावी. सूर्याकडे चुकूनही पाहू नका, डोळा जाईल. सकाळी खिडकीतून मोकळ्या आकाशाकडे धरा आणि मग अंधाऱ्या खोलीत पुढच्या भिंगातून बॅटरीचा उजेड तिरका टाकून आत पाहा. सगळीकडे सारखा पातळ पडदा दिसला तर ते बहुधा वंगण आहे. जुने ग्रीस वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात पातळ होते, त्यातले तेल भिंगांवर जाऊन बसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. हा दोष सगळ्यांत सोपा. जाणकाराने उघडून भिंगे साफ केली की दुर्बीण पुन्हा लख्ख होते.

कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर बुरशी. ती पावसाळ्यात धरते, आणि चामडी डबा तिला फार आवडतो, कारण चामडे ओल धरून ठेवते. गोव्यात आणि बेळगावकडे राहणाऱ्यांना हे सांगायलाच नको. बुरशी लवकर सापडली तर पुसून जाते. वर्षानुवर्षे राहिली तर तिच्यातून पाझरणारे आम्ल काच खाते, आणि मग बुरशी पुसली तरी तिचा नकाशा काचेवर उरतो. तो घासून काढतो म्हणणाऱ्याला दुर्बीण देऊ नका. भिंगाचा गोलावा घासण्याने बदलतो.

तिसरा दोष भिंगांच्या जोडाचा. पुढचे भिंग बहुधा एकच काच नसते. दोन वेगवेगळ्या काचा चिकटवून ते केलेले असते, म्हणजे कडेला रंग फुटत नाहीत. पूर्वी ही चिकटवण कॅनडा बाल्समची असे. बाल्सम फर नावाच्या झाडाची ही राळ. ती काचेसारखीच पारदर्शक असते आणि प्रकाशाला जवळपास काचेइतकीच वाकवते, त्यामुळे दोन काचांमधला जोड डोळ्याला दिसत नाही. पण शेवटी ती राळच. म्हातारी होते, पिवळी पडते, उन्हाने मऊ होते, थंडीने तडकते. जोड सुटू लागला की कडेकडून नेच्याच्या पानासारखी नक्षी आत सरकते, कधी तेलाच्या थेंबावर दिसतात तशी रंगीत कडी दिसतात. पुष्कळांना ही बुरशी वाटते आणि ते वरून पुसत बसतात. दोष दोन काचांच्या मध्ये असल्यावर पुसून काय होणार!

हे काम होते, पण ते कसबाचे आहे. भिंग हळूहळू तापवून जोड सोडवायचा, जुनी राळ काढायची, दोन्ही काचा पूर्वी होत्या त्याच कोनात, मध्य अचूक जुळवून पुन्हा चिकटवायच्या. आता त्यासाठी अतिनील प्रकाशात घट्ट होणारे डिंक वापरतात. काचा वेगळ्या करण्याआधी कडेला पेन्सिलची खूण केली नाही तर मूळ जुळणी हरवते. तापवण्यात घाई झाली तर काच तडकते, आणि त्या मापाची काच आता कोठे मिळणार? म्हणून जोड थोडासाच कडेला सुटला असेल, मधले चित्र स्वच्छ असेल, तर मी तरी तो तसाच राहू देईन.

आणखी एक गोष्ट दोष वाटते, पण दोष नसते. वरची घुंडी फिरवल्यावर आतली फुली चित्राच्या मध्यातून सरकताना दिसते. जुन्या दुर्बिणींची रचनाच तशी होती. घुंडी कितीही फिरवली तरी फुली मध्यातच दिसेल अशी सोय नंतर सर्रास झाली. काही जुन्या जर्मन दुर्बिणींना तर वर-खाली करायची एकच घुंडी असते, डावे-उजवे करण्याची सोय बंदुकीवरच्या बैठकीत असते. ‘दुसरी घुंडी तुटली आहे, नवी बसवतो’ असे कोणी म्हणाले तर नमस्कार करून परत यावे.

त्या फुलीबद्दल थोडे. ती कधी बारीक तारेची असते, कधी काचेवर कोरलेली, आणि कधी खरोखर कोळ्याच्या धाग्याची. अमेरिकेत त्यासाठी ‘ब्लॅक विडो’ कोळ्याचा धागा वापरत. जमीन मोजणीच्या थिओडोलाइट यंत्रातही हाच धागा असे, आणि रानात तो तुटला की सर्वेक्षणवाले स्वतः नवा धागा ओढून बसवत. आपल्या देशात हे कसब बाहेरून आलेले असले तरी इथे चांगले रुजले होते. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात मोठ्या सर्वेक्षणाची यंत्रे सांभाळणारे आणि दुरुस्त करणारे सय्यद मीर मोहसीन हुसेन अर्काटचे होते. पुढे ते सर्वेक्षण खात्याचे यंत्रनिर्माते झाले.

हे विषयांतर सकारण आहे. आज बंदुकीच्या जुन्या दुर्बिणी दुरुस्त करणारा म्हणून पाटी लावलेला माणूस शोधायला गेलात तर दमाल. थिओडोलाइट, लेव्हल, सूक्ष्मदर्शक आणि जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे दुरुस्त करणारे मात्र अजून आहेत. रुडकीला मोजणीची यंत्रे आणि अंबाल्याला प्रयोगशाळेची यंत्रे पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत. त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला बंदुकीची दुर्बीण नवी वाटली तरी परकी वाटत नाही. त्याच्याकडे दोन टोकांची पाना असतो, त्याने भिंगाभोवतीचे आट्याचे कडे न ओरबाडता निघते. हा पाना आहे का, एवढे विचारले तरी माणूस कळतो. कड्याच्या खाचेत पेचकस ठेवून हातोडीने ठोकणारा असेल तर पुढे बोलूच नका.

चकाकीचा मोह टाळायला हवा. नळीचा काळसर निळा रंग हा पोलादाला दिलेला मूळ मुलामा आहे. तो झिजला असला तरी ती झीज आजोबांच्या हाताची आहे, आणि संग्राहकही नव्याने दिलेल्या रंगापेक्षा ती झीज पसंत करतात. गंज वाढू नये म्हणून हलके तेल पुरते, तेही नळीवर, भिंगाजवळ नाही. भिंगावर जांभळट-निळी झाक असेल तर तो प्रकाश परतू न देणारा लेप आहे. झाईसने तो १९३५ मध्ये शोधून पेटंट केला. सुरुवातीचे लेप मऊ होते, शर्टाच्या टोकाने पुसले तरी ओरखडे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग हवे तर भिंगाचा कागद. ‘आत गॅस भरून देतो’ या बोलण्यालाही भुलू नका. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणी १९४७ च्या सुमारास अमेरिकेत ल्यूपोल्डने आणल्या. त्याआधीच्या नळ्यांना हवाबंद करण्याची सोयच नाही, भरलेला वायू चार दिवसांत निघून जाईल.

कायद्याची बाजू आधीच स्पष्ट करून घ्या. बंदुकीची दुरुस्ती १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना असलेल्यानेच करायची असते. म्हणून दुर्बीण उतरवणे आणि पुन्हा बसवणे परवानाधारक गनस्मिथकडून करून घ्या, आणि भिंगवाल्याकडे फक्त दुर्बीण न्या, रायफल नव्हे. नव्या बैठकीसाठी जुन्या रायफलला भोके पाडू देऊ नका. परवानाधारक वडीलधारे वारले असतील तर दुर्बिणीचा विचार नंतर. शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावे लागते, आणि वारसाला परवाना मागण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे, असे २०१९ पासून झाले आहे. ज्या घरांत तीन होती त्यांना हे माहीत आहेच. परदेशात दुरुस्तीला पाठवण्याचा बेत असेल तर आधी जिल्हा शस्त्र शाखेत आणि सीमाशुल्क कार्यालयात विचारा. अमेरिकेतून बंदुकीची दुर्बीण बाहेर पाठवण्यावर निर्यातीचे निर्बंध आहेत, म्हणजे ती तिकडे पोहोचेल आणि परत येणार नाही, असेही होऊ शकते.

देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कोरलेला क्रमांक लिहून घ्या, आणि काय करायचे याबरोबर काय करायचे नाही हेही कागदावर लिहून द्या. काढलेला प्रत्येक जुना भाग, तुटका स्क्रूसुद्धा, पिशवीत परत मागा.

परत आल्यावर चामडी डबा वेगळा ठेवा. दुर्बीण सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत ठेवा. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करा. मुलांच्या हाती ती पुडी लागू देऊ नका. आणि एका चिठ्ठीवर दुर्बीण कोणाची, कोणत्या रायफलवर होती, कधी आणि कोणी उघडली, हे लिहून डब्यातच ठेवा.