होय, मंत्रिमहोदय! : एका इंग्रजी विनोदी मालिकेचा परिचय

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा हातात कागद घेऊन आमच्या दारी आले. सरदार सरोवर २०१९ साली प्रथमच काठोकाठ भरले, तेव्हा आमच्या या भागातील नर्मदाकाठच्या अनेक कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. त्यांपैकीच हे एक कुटुंब. घराच्या भूखंडासाठी त्यांनी अर्ज केला होता व त्याचे उत्तर आले होते. उत्तर दोन पृष्ठांचे, भाषा शुद्ध, खाली सही आणि शिक्का. आम्ही ते दोनदा वाचले. आजोबांनी विचारले, “माटसाब, हो म्हणतात की नाही म्हणतात?” आणि पदवीधर असूनही आम्हांस त्याचे उत्तर देता येईना.

आमची घरची बोली कोंकणी, शिक्षण मराठीतून झालेले आणि येथील कचेरीची भाषा हिंदी. प्रथम वाटले, दोष आमच्याच भाषाज्ञानाचा असावा. पण तसे नव्हते. त्या कागदात शब्द पुष्कळ होते. निर्णय मात्र कोठेच नव्हता. त्या रात्री आम्हांस ‘येस मिनिस्टर’ या इंग्रजी मालिकेची आठवण झाली, आणि डहीसारख्या गावातील माणसांनीही ती पाहावी असे तीव्रतेने वाटले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

ही मालिका अँटनी जे व जोनाथन लिन या दोघांनी लिहिली. बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर ती फेब्रुवारी १९८० मध्ये सुरू झाली. ‘येस, प्राइम मिनिस्टर’ हा तिचा उत्तरार्ध १९८६ ते १९८८ या काळात दाखविण्यात आला. दोन्ही मिळून अवघे ३८ भाग. पात्रे मुख्यतः तीन. जिम हॅकर हा नवा मंत्री. त्याला सुधारणा हव्या आहेत, पण त्याहून अधिक हवी आहे लोकप्रियता. सर हम्फ्री अॅपलबी हे खात्याचे कायम सचिव. मंत्री येतात आणि जातात, हे मात्र खुर्चीवर असतात. तिसरा बर्नार्ड वूली, मंत्र्याचा खाजगी चिटणीस. त्याचे मन मंत्र्याकडे, पण बढती सचिवांच्या हाती! पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न व डेरेक फाउल्ड्स या नटांनी या भूमिका अनुक्रमे केल्या आहेत.

येथे कोणी घसरून पडत नाही, की कोणी वेडीवाकडी तोंडे करीत नाही. सारा विनोद भाषेतून निर्माण होतो. मंत्र्याने साधा प्रश्न विचारावा आणि हम्फ्रींनी एका श्वासात असे लांबलचक वाक्य बोलावे की, शेवटास पोहोचेपर्यंत प्रश्नच विसरला जावा. एखादा बेत त्यांना मोडावयाचा असेल, तर ते त्यास विरोध करीत नाहीत. तो ‘धैर्याचा’ आहे एवढेच म्हणतात. धैर्य म्हणजे पुढील निवडणुकीत पराभव, हे जाणून मंत्री आपण होऊन माघार घेतो. १९८१ सालच्या एका भागात एक नवे रुग्णालय आहे. तेथे पाचशे कर्मचारी कामात गढलेले आहेत. रुग्ण मात्र एकही नाही! हम्फ्रींना यात वावगे काहीच दिसत नाही. आपण हसतो, आणि मग लक्षात येते की, साधनालाच साध्य समजण्याची ही चूक आपणही नित्य करीत असतो.

यावर कोणी म्हणेल, लंडनच्या मंत्र्यांशी आपला काय संबंध? पण अशा कारभाराची गंमत आपल्या माळव्यालाही अपरिचित नाही. देवास या एकाच नगरात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदत होती. १९२१ साली इ. एम. फॉर्स्टर हे विख्यात इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. तेथील गोंधळाचे मिस्किल पण मायेने केलेले वर्णन त्यांनी १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या ग्रंथात केले आहे. बर्नार्ड जेथे उभा असतो, तेथेच उभे राहून त्यांनी तो कारभार पाहिला. मराठी वाचकालाही मध्यमवर्गीय संसाराचा विनोद नवा नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पुस्तकांतून घरोघरी पोहोचले आणि पुढे दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने मुंबई दूरदर्शनवरही अवतरले.

‘येस मिनिस्टर’चे हिंदी रूपांतरही झाले आहे. २००१ साली ‘जी मंत्रीजी’ या नावाने ते आले व त्यात फारुख शेख मंत्री झाले होते. पात्रांची नावे बदलली, पण कारभाराची रीत बदलावी लागली नाही. ज्या विनोदाला असे सहज स्थलांतर करता येते, तो मराठीतही आला पाहिजे. निदान मराठी उपशीर्षकांसह तरी मूळ मालिका आपल्या घरांत पोहोचली पाहिजे.

एक धोका मात्र आम्ही नाकारीत नाही. अशी मालिका पाहून ‘सारेच असे’ म्हणत हात झटकण्याची सवय लागू शकते. ते योग्य नव्हे. पुष्कळ अधिकारी मनापासून कामे करतात, आणि मंत्री बदलला तरी शासनाचे गाडे चालू राहते ते कायम सेवकांमुळेच. हम्फ्रींचे दर्शन घ्यावयाचे ते द्वेष शिकण्यासाठी नव्हे, तर शब्दांच्या धुक्यात निर्णय कोठे लपला आहे हे शोधण्यास शिकण्यासाठी. या मालिकेच्या पहिल्याच भागाचा विषय होता खुला कारभार. १९८० साली जी गोष्ट थट्टेचा विषय होती, तिचा ब्रिटनमध्ये २००० साली कायदा झाला. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला.

त्याच कायद्याचा आधार घेऊन आम्ही आजोबांच्या वतीने अर्ज लिहिला. प्रश्न तीनच : प्रकरण कोणाकडे आहे, त्यावर कोणत्या तारखेस काय निर्णय झाला, आणि कोणत्या नियमाने. कायद्याने ठरवून दिलेल्या तीस दिवसांच्या आत उत्तर आले. भूखंड अद्याप मिळालेला नाही. परंतु कागद कोणाच्या मेजावर थांबला आहे, हे आजोबांना आता ठाऊक आहे, आणि ते त्याच मेजापुढे जाऊन बसतात.

मुलांनो, उद्या तुमच्याही घरी असा कागद येईल. तो आला म्हणजे घाबरू नका. प्रथम हम्फ्रींना आठवून थोडे हसा, आणि मग विचारा : यात हो आहे की नाही?